गौरीच्या पदराला विट्यांची लेस

लेस म्हटलं की रोह्याशेजारच्या आमच्या अष्टमी गावात दोनच वस्तू ओळखतात. एक बुटाची, दुसरी परकराची. तिसरीही एक असते, तिला सुई लागत नाही, मशीन लागत नाही, नुसत्या लाकडी दांड्यांना दोरे गुंडाळून ती उशीवर विणतात, असं मी घरात जाहीर केलं. तेव्हा आमच्या ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, की मग डोकं कुठं ठेवायचं. उभा जन्म कंपनीत शिफ्टा केलेला माणूस. रिटायर झाला तरी अंगाला अजून पत्ता नाही. पहिल्या पाळीसारखा पहाटे उठतो आणि रात्रपाळी करून आल्यासारखा दिवसभर झोपतो. त्यांच्याकडून कौतुकाची अपेक्षा मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडली होती.

हे खूळ मला फोनमुळे लागलं. गुडघेदुखीवर घरगुती उपाय शोधत होते, आणि फोनने मला कुठल्याशा परदेशातली एक म्हातारी दाखवली. मांडीवर लोडासारखी गोल उशी, तिच्यावर टाचण्यांचं रान, आणि चहूबाजूंनी लोंबणाऱ्या लाकडी दांड्या. म्हातारी त्या दांड्या उचलायची, टाकायची, टकटक आवाज व्हायचा, आणि टाचण्यांच्या मधून कोळिष्टकासारखी नाजूक लेस खाली सरकायची. मी गुडघा विसरले. खरं सांगायचं तर मला कलेची ओढ वगैरे काही नव्हती. आमच्या बायकांच्या ग्रुपवर एक केक करते, एक मंडला काढते, एक दगडावर चिमण्या रंगवून सगळ्यांना वाढदिवसाला देते. माझ्या कपाटात तिचे चार दगड आहेत. मला फक्त कुणाकडे नसलेला छंद हवा होता.

आता सामान. त्या दांड्यांना बॉबिन म्हणतात म्हणे. मी फोनवरच मागवल्या. खोकं आलं, उघडलं, तर आत शिलाई मशीनच्या स्टीलच्या बॉबिनी. परत पाठवल्या आणि रोह्याच्या बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, कुठल्या मशीनची. म्हटलं, मशीनची नको, हाताची हवी. त्याने माझ्या हाताकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "हाताला बॉबिन कुठं बसते, काकी?" मागे उभ्या असलेल्या दोघीजणी हसल्या. त्यातली एक आमच्या ग्रुपवरची निघाली, म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या अष्टमीला कळलं की माझं डोकं फिरलंय.

शेवटी एका कातार्‍याला गाठलं. लाटणी, पोळपाट, भोवरे करतो. त्याला मी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, विटी पायजे असं सरळ सांगा ना. दोन दिवसांनी गेले तर त्याने खरोखरच विट्या करून ठेवल्या होत्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार, दांडू तेवढा नव्हता. दोरा गुंडाळायला मान नाही, दोरा अडायला डोकं नाही. परत समजावलं. दुसऱ्या खेपेला मान आली, डोकं आलं, पण एक विटी बोटाएवढी तर दुसरी छोट्या लाटण्याएवढी. वजन कमीजास्त झालं की दोऱ्याचा ताण कमीजास्त होतो आणि लेस एका अंगाला ओढली जाते, असं व्हिडिओत बजावलं होतं. ते त्याला सांगितलं तर म्हणाला, लाकूड हाय, सोनं नाय. मी गप्प पैसे देऊन घेऊन आले.

इथे आमच्या वन्संना आणायला हवं. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत यजमान गेले, मूलबाळ नाही, सासरच्यांनी सुतकाबरोबर त्यांचं नातंही संपवलं. माहेरी पेणला आल्या. तिथे गणपतीच्या कारखान्यात कामाला लागल्या. शेल्याची किनार, पितांबराचे काठ, सोंडेवरची नक्षी, हे त्यांचं काम. वाकून वाकून मानेचं दुखणं झालं तेव्हा ते सुटलं. पेणच्या घरात थोरले दीर आणि जाऊबाई असतात. जाऊबाईंचं आणि वन्संचं का पटत नाही हे विचारू नका, सुरणाला खाज का असते असं कुणी विचारतं का. तेव्हापासून वन्सं आमच्याकडे अष्टमीला. घरात त्यांचं मुख्य काम माझ्या चुका काढणं, आणि ते त्या एकही दिवस खाडा न करता करतात.

विट्या पाहून वन्सं म्हणाल्या, "जोड्या लाव आधी. जाड्याला जाडी, बारक्याला बारकी." कारण विणायला विट्या जोडीनेच लागतात, एका दोऱ्याची दोन टोकं दोन विट्यांवर गुंडाळायची, ती झाली एक जोडी. आम्ही जमिनीवर पसारा मांडून हातात तोलून तोलून जोड्या लावल्या. एक विटी उरली, तिच्या वजनाची दुसरी मिळेना. मी ती टाकायला निघाले. वन्संनी ती माझ्या हातातून घेऊन कोनाड्यात ठेवली. म्हणाल्या, "एकटी उरली की कोपऱ्यात ठेवायची. आपल्यात तशीच रीत हाय." मी चहा टाकायला उठले.

उशीसाठी पेंढा आणला. परदेशातही आत पेंढाच भरतात, हे वाचून मला फार अभिमान वाटला, जणू आमच्या भाताने तिकडे नाव काढलं. मी भरलेली उशी दाबली की पोटात खड्डा पडायचा आणि टाचण्या माना टाकायच्या. शिवाय पेंढ्यात दाणे राहिले होते. तिसऱ्या दिवशी उंदराने उशीला दार पाडलं. वन्संनी सगळी उशी उसवली, पेंढा झोडला, ऊन दाखवलं, आणि थर थर देऊन मुसळाने ठोकून भरला. कारखान्यात मूर्ती ट्रकात चढवताना असाच पेंढा ठासतात म्हणाल्या. ती उशी इतकी टणक झाली की ती डोक्यात घालून माणूस मारता आला असता. काही दिवस मला तसे विचारही आले.

कारण माझी विद्या. व्हिडिओतली म्हातारी कुठली भाषा बोलायची कोण जाणे, पण फोन खाली आपलं आपण मराठी करून दाखवायचा. ते मराठी असं: "आता कामगार जोडीला निष्क्रिय जोड्यांमधून पाठवा. पिनला झाका. कामगार जोडीला पिळा." मी मोठ्याने वाचत होते. आमचे हे पाठीमागे झोपलेले, म्हणजे मला वाटलं झोपलेले, उठून बसले. आयुष्यभर युनियनमध्ये हात वर करत आलेला माणूस तो. त्यांनी विचारलं, कामगार जोडी किती आणि निष्क्रिय किती. म्हटलं, कामगार एकच, बाकी सगळ्या निष्क्रिय. "आणि पिळतात कुणाला?" म्हटलं, कामगाराला. "मग ही आमचीच कंपनी," असं म्हणून ते परत आडवे झाले. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा माझा छंद समजला असं मला वाटतं.

पण फोनचं मराठी कितीही हास्यास्पद असो, गोष्ट खरी होती. सगळ्या जोड्या उभ्या लोंबत असतात आणि एकच जोडी आडवी फिरते. ती प्रत्येक उभ्या जोडीतून जाते, कडेला पोचली की टाचणी खोचायची, वळायचं, परत सगळ्यांमधून मागे. हाताच्या हालचाली म्हणाल तर दोनच. ओलांडणे आणि पिळणे. मधल्या दोन विट्या एकमेकींवरून ओलांडायच्या, मग प्रत्येक जोडी आपल्यात पिळायची, परत ओलांडायची. झाला टाका. लहान पोराला यावं इतकं सोपं. मला येत नव्हतं. मी ओलांडायचे आणि पिळायला विसरायचे, नाहीतर दोनदा पिळायचे. माझी पहिली वीतभर लेस पाहून ह्यांनी विचारलं की ह्यात कोलंबी अडकेल की निसटेल. त्यातून मी वापरलेल्या टाचण्या लोखंडी. पावसाळी हवेत त्या गंजल्या, आणि माझ्या कोळ्याच्या जाळ्यावर ओळीने तांबूस डाग उठले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मी तिचा फोटो मात्र वरून उजेड देऊन, डाग येणार नाहीत असा काढला आणि ग्रुपवर टाकला. तिथे अंगठे आले, बदाम आले. एकीने लिहिलं, ऑर्डर घेतेस का. दुसरीने लिहिलं, बचत गटात आण, आपण ब्रँड करू. कुणालाही कुणी काही उगाच करतंय हे सहन होत नाही. मीही मोठेपणाने लिहिलं, सध्या शिकतेय. त्यातलं शिकतेय एवढं सोडून सगळं खरं होतं.

दुपारी जेवून मी लवंडले की वन्सं उशी ओढून घ्यायच्या. मी उठले तर माझ्या ओळी उसवलेल्या आणि त्या जागी नव्या, घट्ट, सारख्या. मी चिडायचे. त्या म्हणायच्या, "तू वाचतेस. मी व्हिडिओतल्या बाईचे हात बघते." पुढे पुढे मी लवंडायची वेळ वाढवली. घरात वाद नको म्हणून. शेवटी उशी त्यांच्या खोलीत गेली आणि माझ्याकडे सामान आणण्याचं खातं राहिलं. पितळी टाचण्या मीच शोधून आणल्या, क्रोशाचा बारीक पांढरा दोरा मीच आणला, आणि विट्या घरंगळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या बुडाला ओवायचे काचेचे मणी मी पेणच्या बाजारातून आणले, जिथे गणपतीच्या दागिन्यांचं सामान ढिगाने मिळतं. त्याच दुकानात चकचकीत लेसची रिळं टांगलेली असतात, मीटरवर कापून देतात. दुकानदाराने माझा हेतू विचारला आणि ऐकून रिळाकडे नुसतं बोट दाखवलं.

मग एका दुपारी उठले तेव्हा वन्सं तयार झालेली लेस हाताच्या बोटांवर गुंडाळून मोजत होत्या. दोन बोटं रुंद, मध्ये तेरड्याच्या पानासारखं पान, पान संपलं की जाळी, जाळी संपली की पान. मी विचारलं, ही कशाला एवढी लांब करताय. त्यांनी आधी मोजणं पुरं केलं. मग म्हणाल्या, "पदराचं माप धरलंय. पेणच्या गौरीच्या."

मी थंडच पडले. पेणची गौर म्हणजे आमची घरची गौर, वन्संच्या माहेरची. लहानपणी ती तेरड्याची गौर पाणवठ्यावरून त्याच आणायच्या, तोंडात पाण्याची चूळ धरून, हसू येईल म्हणून कुणाकडे न बघता. यजमान गेल्यापासून त्यांना गौरीजवळ जाता येत नाही. सवाष्णींनी आणायची, सवाष्णींनी नेसवायची, सवाष्णींनी ओवाळायची, आणि वन्संनी स्वयंपाकघरात बसून भाज्या चिरायच्या. खरं म्हणजे गौर स्वतःच माहेरवाशीण. तिच्या सणात घरच्या लेकीला माजघराचा उंबरा बंद, हा हिशेब ज्याने घातला त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

"माझं नाव घेऊ नको," वन्सं म्हणाल्या. "वहिनीला सांग, तू केलीस. मी भाज्या चिरीन नाय तर भांडी घाशीन. फक्त माझ्या हातचं एकदा गौरीच्या अंगावर बघायचंय. दारातनं बघीन."

जन्मभर ज्या बाईने माझ्याकडे मीठसुद्धा मागितलं नाही, ते कमीच पडलं म्हणून सांगितलं, ती मागत होती. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग आला की मी हो म्हणते. म्हटलं, लावू. जाऊबाईंना काय कळतंय.

गौरी येण्याच्या दिवसापर्यंत लेस पुरी झाली नाही, वीतभर राहिली. पेणला जाऊन दार लावून उरकू, असं ठरलं. पुरी होण्याआधी उशीवरून लेस काढता येत नाही, काढली की सगळं सुटतं. म्हणून विट्या, टाचण्या, सगळ्यासकट ती उशी आम्ही चादरीत गुंडाळली, वरून परकराची नाडी आवळली आणि रोह्याहून एसटीत बसलो. उशी माझ्या मांडीवर. कंडक्टरने गाठोड्याकडे पाहून विचारलं, बाळ केवढं हाय, अर्धं तिकीट पडेल. नागोठण्यापर्यंत ठीक गेलं. पुढे तो आपला महामार्ग, ज्याचं काम आम्ही तरुण होतो तेव्हापासून चालू आहे आणि आमच्या नातवंडांनाही पुरेल. वडखळच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी अशी बसली की नाडी तुटली, आणि आत विट्यांचा खळखळाट झाला. वन्संनी दोन्ही हातांनी गाठोडं दाबून धरलं. त्यांचा चेहरा पाहवेना.

घरी पोचलो तर जाऊबाई दारातच. गौर आणायला बायका निघायच्या बेतात होत्या. मी गाठोडं छातीशी धरून आतल्या खोलीत शिरले, चादर सोडली. विट्यांचा नुसता गुंता. मी एक उचलली तर चार आल्या. वन्संनी माझ्या हातावर चापट मारली आणि स्वतः बसल्या. दार लावायचं ठरलं होतं, पण त्या दाराला कडीच नव्हती. आता कुठल्या दाराला कडी आहे हे आधी बघून ठेवायला मी काय दरोडा घालायला निघाले होते.

गौर आली. हळदीकुंकवाच्या पावलांवरून तिला आत नेलं, मुखवटा लावला, साडी नेसवायला घेतली. जाऊबाईंनी मला हाक मारली, लेस आण म्हणून. मी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, की मी हाताने लेस केलीय गौरीसाठी. जरा जास्तच सांगितलं होतं. मला उशीर झाला म्हणून त्या स्वतः आल्या, मागून आलेल्या चार शेजारणींसकट. आणि त्यांनी पाहिलं. वन्संचे दोन्ही हात विट्यांवर, गुंता सुटलेला, पानाचं टोक पुरं होत आलेलं.

मग जाऊबाईंनी मला विचारलं, की हे काय. मी म्हटलं, थोडी मदत करताहेत. किती थोडी, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, की अर्धी. मला वाटलं, अर्ध्यात भागेल. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "मग तुझी अर्धी ठेव. हिची कापून टाक."

मी त्यांना समजावायला लागले. म्हटलं, वहिनी, अहो ह्यात असं कापता येत नाही. ही आडवी फिरणारी एकच जोडी असते, ती सगळ्यांमधून जाते नि परत येते. वरपासून खालपर्यंत तोच दोरा. कुठेही कात्री लावली तरी दोन्हीकडची सुटत जाईल. तुझं-माझं असं काही वेगळं काढता येत नाही. मी हे खरं सांगत होते आणि सांगता सांगता मला स्वतःलाच ते नव्याने कळत होतं. जाऊबाईंना नाही कळलं. त्या म्हणाल्या, बरं, मग ही राहू दे, तू नवीन कर, बोटभर केलीस तरी शकुनाला पुरे. आणि त्यांनी उशी वन्संच्या पुढ्यातून उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. "कर बघू."

शेजारणी वाकल्या. मी बसले. एक विटी ओलांडली. दुसरी पिळली. बहुतेक ती पिळायची नव्हती. दोरा मानेतून निसटला, विटी जमिनीवर पडली, ती उचलायला गेले तर माझ्या बांगडीत तिसरी अडकली. एक शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. मी उशीकडे बघत म्हटलं, इथे उजेड कमी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्या पाठीमागे कुणीतरी पुटपुटलंच.

"सोड गो," वन्सं म्हणाल्या. "दोरा तोडशील." त्यांनी माझ्या बांगडीतली विटी काढली. मग जाऊबाईंकडे पाहून म्हणाल्या, "सगळी माझी हाय. हिचा एक टाका नाय यात."

जाऊबाईंचा चेहरा उतरला नाही की चढला नाही. त्या फक्त म्हणाल्या, मग गौरीला नाय लागायची. सणाचा दिवस आहे, अपशकुन नको. माझा तोल गेला. मी म्हटलं, वहिनी, तुमच्या मखरातल्या गणपतीच्या शेल्याची किनार कुणी रंगवली असेल? ह्या बाईने इतकी वर्षं कारखान्यात काय केलं? गावागावात तिच्या हातच्या सोंडेपुढे लोक नारळ फोडतात. जाऊबाईंकडे उत्तर तयार होतं. म्हणाल्या, तो कारखान्यातला गणपती, तेव्हा माती असते. घरी येऊन प्राणप्रतिष्ठा झाली की देव. मग मी म्हटलं, साडी विणणाऱ्याची बायको जिवंत आहे का, ते विचारून आणलीत का? इतक्यात थोरले दीर दारात आले. वन्संचे सख्खे थोरले भाऊ. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, सणाचा वाद नको, आणि चहा झाला का ते विचारून ओसरीवर गेले. आमच्याकडच्या पुरुषांना योग्य वेळी चहा आठवतो.

गौरीच्या पदराला शेवटी बाजारातली लेस लागली. सोनेरी, रिळावरची, कडेला दोरे निघालेली. जाऊबाईंनी घाईत स्टेपलर मारून बसवली. तेवढं चालतं.

मला वाटलं, वन्सं आता स्वयंपाकघरात जाऊन रडतील, किंवा म्हणतील, चल गो, जाऊ अष्टमीला. मी पिशवी भरायलाही घेतली. पण त्यांनी उशी उचलली आणि बाहेरच्या ओट्यावर, दाराच्या अगदी शेजारी जाऊन बसल्या. आत लाइट नव्हती, गेली होती दुपारपासून, आणि आभाळ भरलेलं. तिथेच काय तो उजेड होता. उशी मांडीवर घेतली आणि राहिलेली वीतभर पुरी करायला लागल्या. मी शेजारी बसून टाचण्या हातात देत राहिले, कारण तेवढं मला जमतं.

संध्याकाळी आळीतल्या बायका गौर बघायला यायला लागल्या. आत जायचा रस्ता ओट्यावरूनच. पहिल्या दोघी आल्या, टकटक ऐकून थांबल्या. मग तिघी. कुणी विचारलं, हे काय हो. वन्संनी हात न थांबवता ओलांड दाखवली, पीळ दाखवला. एक नवी लग्न झालेली पोर, गौरीचं पहिलं वर्ष म्हणून नटूनथटून आलेली, जरीचा काठ आवरत उकिडवी बसली आणि म्हणाली, मावशी, मी करू का एक? वन्संनी तिला दोन जोड्या दिल्या. तिला पहिल्या खेपेला जमलं. माझ्याकडे बघू नका. बायका येत गेल्या आणि बसत गेल्या, ओटा भरला. आत गौर एकटी. समईच्या उजेडात तिच्या पदराची सोनेरी लेस, आणि तिच्याशेजारी हळदीकुंकवाचं ताट घेऊन जाऊबाई.

कुणीतरी विचारलं, एवढी सुंदर ही लावणार कशाला. "माझ्या साडीला," वन्सं म्हणाल्या. "मी पण माहेरवाशीणच हाय या घरची." आतपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलल्या. नेहमीच बोलतात.

शेवटी जाऊबाईंना ताट घेऊन बाहेर यावं लागलं. बायका आत येईनात म्हटल्यावर करतात काय. एकेकीला हळद, कुंकू, अक्षता लावत त्या ओट्यावरून पुढे सरकत आल्या. मला लावलं, माझ्याकडे न बघता. त्या नव्या नवरीला लावलं. पुढे वन्सं. बायका इतक्या दाटीने बसलेल्या, की वगळून जायला वाट नव्हती. जाऊबाई वन्संच्या समोर उभ्या राहिल्या. कुंकवाचं बोट पुढे झालं आणि हवेतच थांबलं. पुढे नेववेना, मागे घेववेना. सगळ्या बायका त्या बोटाकडे बघत होत्या. वन्संनी मान वर केली नाही. त्यांची कामगार जोडी अर्ध्या ओळीत होती.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "जरा सरक गो तिकडं. उजेड अडतोय."

जाऊबाई सरकल्या.